आखणीच्या दिवशी बाया कुठे होत्या?

आढावा बैठकांच्या इतिवृत्तात एक वाक्य मला गेली कित्येक वर्षं भेटतंय. "समन्वयाअभावी काम प्रलंबित आहे." रस्ता अर्ध्यावर थांबला, समन्वयाअभावी. अंगणवाडीची इमारत झाली पण दाराला कुलूप, समन्वयाअभावी. पाण्याची टाकी उभी आहे, टाकीत पाणी नाही, तेही समन्वयाअभावीच. हा समन्वय म्हणजे जणू वळवाचा पाऊस! आला तर आला, नाही आला तर जाब कोणाला विचारायचा?

मोखाडा आणि जव्हार तालुक्यांत काम करता करता माझं मत वेगळं बनत गेलं. बांधकामाच्या कामात निरोप फिरत नाहीत असं मुळीच नाही. ते अगदी व्यवस्थित फिरतात. ते कुठून निघायचे, कोणाच्या ओटीवर थांबायचे आणि कोणाचं दार टाळून पुढे जायचे हे ठरून गेलेलं असतं. बाईचं दार त्या वाटेवर नसतं. आणि पाणी भरणारी, मूल कडेवर घेऊन दवाखान्याची वाट तुडवणारी, अंगणवाडीत पोर सोडणारी तर तीच असते.

हे मी एका पाड्याच्या गोष्टीतून सांगणार आहे. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या बायांना अजून त्याच साहेबांकडे टँकर मागायला जायचं असतं.

पाडा साठेक उंबऱ्यांचा. वारली, ठाकर आणि कडेला कातकऱ्यांची थोडी घरं. मोखाड्यात पाऊस कमी पडतो असं कोणी म्हणू नये. चार महिन्यांत अडीच हजार मिलीमीटरच्या घरात पडतो. पण खाली काळा कातळ आणि जमीन उताराची. आलेलं पाणी वैतरणेला आणि पिंजाळेला मिळून मोकळं होतं. दिवाळीत ओहळ वाहताना दिसतो, शिमग्याला तोच ओहळ म्हणजे दगडगोट्यांची रांग. मग बाया ओहळाच्या पात्रात डवरा खणतात, त्यात पाझरून आलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. एक हंडा भरायला किती वेळ लागतो हे शिमग्यात वेगळं, चैत्रात वेगळं, वैशाखात आणखी वेगळं. हा हिशोब पाड्यातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे. पाड्यातल्या पुरुषांना तो अंदाजाने माहीत आहे. अंदाजपत्रक करणाऱ्याला तो माहीतच नाही.

पाड्यासाठी नळपाणी योजना मंजूर झाली. ओहळाच्या काठी विहीर, वर टेपावर टाकी, तिथून पाड्यात नळ. पाहणीला माणसं आली ती दिवाळीनंतर. ओहळाला पाणी होतं. बाया खळ्यावर भाताच्या झोडणीला होत्या. पाहणी करणाऱ्यांनी रस्त्याला लागून असलेली जागा बघितली, जागामालकाची संमती घेतली, फोटो काढले आणि दुपारच्या आत परतले. त्यात कोणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. रस्त्याच्या कडेला यंत्र सहज उतरतं, खडी-सिमेंटचा ट्रक येतो. कामाच्या दृष्टीने जागा सोयीची होती. पाण्याच्या दृष्टीने कशी आहे हे विचारायला त्या दिवशी समोर कोणी नव्हतंच.

आखणी जानेवारीत झाली. त्या दिवशी मी हजर होते. संस्थेतर्फे माझ्याकडे 'लोकसहभाग' हे खातं होतं. शाखा अभियंता, पोटठेकेदार, ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब, पाड्यातले चार पुरुष आणि मी. चुन्याच्या फक्कीने जमिनीवर गोल काढला गेला. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी वाटेने चालली होती, ती थांबली. मोळी उतरवली नाही. गोलाकडे बघून म्हणाली, "अठं विहीर? शिमग्यानंतर अठं बेडूकबी ऱ्हायचा नाय. पाणी तठं खाली हाय, उंबराखाली."

अभियंत्याने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या?"

मी म्हटलं, "उन्हाळ्यात इथे पाणी थोडं कमी होतं, असं म्हणतायत."

तो म्हणाला, "खोल घेऊ." आणि आखणी पुढे सुरू झाली. आजी निघून गेली.

त्या 'थोडं कमी'बद्दल मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. आजीची भाषा त्याला कळली नव्हती असं नाही. बेडूक त्यालाही कळला असता. मीच तिचं वाक्य मऊ केलं. का केलं? साहेबांसमोर आगाऊपणा दिसू नये म्हणून. काम मुश्किलीने मंजूर झालंय, त्यात खोडा नको म्हणून. आणि खरं सांगायचं तर, माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला असा मऊपणा हेच आपलं कौशल्य वाटतं म्हणून. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही संवादाची आकृती काढायचो. एका टोकाला प्रेषक, दुसऱ्या टोकाला ग्राहक, मधे बाण, बाणावर 'अडथळे'. परीक्षेत त्या आकृतीला चांगले गुण मिळायचे. त्या दिवशी बाणावरचा अडथळा मीच होते.

पुढे त्याच अभियंत्याशी ओळख वाढल्यावर मी त्याला विचारलं, की आजीचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं असतं तर तुम्ही जागा बदलली असती का? त्याने प्रामाणिक उत्तर दिलं. म्हणाला, "ताई, आखणीपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. जागा बदलायची म्हणजे नवी संमती, सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा तांत्रिक मान्यता. मार्च उलटला तर निधी परत. ऑक्टोबरात कोणी सांगितलं असतं तर कागदावर एक रेघ खोडून दुसरी मारली असती."

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बांधकामाच्या कामाला एक क्रम असतो. पाहणी, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आखणी, खोदाई, बांधकाम, मोजमाप, देयक, हस्तांतरण. सुरुवातीच्या पायऱ्यांवर बदल फुकटात होतो, पुढेपुढे तो महाग होत जातो आणि काँक्रीट पडलं की संपलाच. बायांपर्यंत कामाची बातमी येते ती जेसीबीच्या आवाजाने. म्हणजे ज्या दिवशी बोलून काही उपयोग नाही, त्या दिवशी. नंतर त्या बोलल्या की लोक म्हणतात, बाया नेहमी काम झाल्यावर तक्रारी करतात!

कागदावर बाया नव्हत्या असं मात्र नाही. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावाच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पाण्याची तपासणी करायला गावातल्या पाच बायांना प्रशिक्षण द्यायचं असतं. माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरलेलं आहे. आदिवासी बहुसंख्य असलेल्या गावाने गावांतर्गत कामाच्या खर्चाचा ५ टक्के वाटा उचलायचा, तोही श्रमाच्या रूपाने चालतो. या पाड्याच्या ग्रामपंचायतीतही समिती होती, तिच्यात बाया होत्या. मी नोंदवही मागितली. प्रत्येक बाईच्या नावापुढे मोबाईल नंबर लिहिलेला होता आणि प्रत्येक नंबर नवऱ्याचा किंवा दिराचा होता. समितीचा व्हॉट्सॅपवर ग्रुप केलेला होता. त्या ग्रुपात सगळे पुरुष! पाड्यातल्या एका बाईला आपण समितीवर आहोत हे माझ्याकडून कळलं. तिला आधी हसू आलं, मग ती जरा घाबरली. तिने विचारलं, "मंग मी कठं आंगठा दिला?"

ग्रुपात निरोप तरी कसे पोचत असतील? पाड्यात मोबाईलला आवाज मिळतो तो टेपावरच्या एका दगडाशी उभं राहिलं की. संध्याकाळी पुरुष तिथे जमतात. बाया त्या वेळी चुलीपाशी असतात किंवा डवऱ्यावर.

ठेकेदाराच्या बाजूची साखळीही पाहण्यासारखी आहे. काम घेतलं नाशिकच्या माणसाने, दिलं जव्हारच्या पोटठेकेदाराला, त्याने खोदाई एकाला आणि बांधकाम दुसऱ्या मुकादमाला दिलं. मूळ ठेकेदार पाड्यात कोणी पाहिला नाही. कामावर कोणाला काही विचारलं की तो वरच्याकडे बोट दाखवतो आणि सगळ्यात वरचा म्हणतो, साइटवर विचारा. कामाचा फलक लावायचा नियम आहे. फलक लागलाही, पण तीन किलोमीटरवरच्या गावठाणात, डांबरी रस्त्याकडे तोंड करून. त्यावर रक्कम होती, योजनेचं नाव होतं. विहीर किती फूट खोल, टाकीत किती हंडे पाणी मावेल, काम कधी संपायचं आणि न संपलं तर कोणाला विचारायचं, यातलं काही नव्हतं. अंदाजपत्रक तर इंग्रजीत. घनमीटर, आर.सी.सी., आर.ए. बिल. मोजमाप पुस्तकाला सगळे 'एम.बी.' म्हणतात. मला स्वतःला एम.बी. म्हणजे काय हे कळायला दोन वर्षं लागली, आणि मी एम.एस.डब्ल्यू.!

इथे मला जुनी एक गोष्ट आठवते. १९७२-७३च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर हजारो बाया उतरल्या, पुढे १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. त्या कामांवर निरक्षर बायांनी मोजमाप शिकून घेतलं होतं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल चौकडी म्हणजे एक ब्रास. ब्रासला दर किती आणि हातात किती आले, एवढं गणित कळल्यावर मस्टरवरचा घोळ त्यांना कळायला लागला. कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना यांसारख्या संघटनांनी या आदिवासी पट्ट्यात मजुरीसाठी आंदोलनं केली, त्यांतही बाया पुढे होत्या. सांगायचा मुद्दा असा की मोजमाप बायांच्या आवाक्याबाहेरचं आहे हे खोटं आहे. मजुरी मोजायला शिकलो, ते काम आपलं मानलं म्हणून. बांधलेली वास्तू मात्र आपण मोजली नाही.

आणि या बाया बांधकामाला परक्या कशा? पाडा दिवाळीनंतर अर्धा रिकामा होतो. कोणी भिवंडी-वाड्याकडे वीटभट्टीवर, कोणी वसई-विरार, ठाणे, नाशिकला बिल्डिंगच्या कामावर. नवराबायको जोडीने जातात. हजेरीत तिचं नाव 'बिगारी'. त्या पाड्यातली एक तरुण मुलगी सलग चार हंगाम विरारकडे स्लॅबच्या कामावर होती. ती तान्ह्या मुलामुळे त्या वर्षी घरी राहिली. पाड्याच्या टाकीचं काँक्रीट चाललं असताना ती मूल पाठीला बांधून बघायला आली आणि जरा वेळाने म्हणाली, "माल पातळ झालाय. पाणी जास्त घालतात." मुकादम हसला. "घरी जाऊन पेज घाल पोराला," असं काहीतरी म्हणाला. ती उगी राहिली. सिमेंटच्या एका गोणीला रेती किती घमेली, खडी किती घमेली, हे तिच्या डोक्याला माहीत होतं. हो, डोक्यालाच. तीच घमेली तिने चार वर्षं वाहिली होती.

काँक्रीट ओतल्यावर त्याला पाणी मारावं लागतं. निदान सात दिवस, आणि कडक उन्हात दहा दिवस तरी. नाहीतर ते तडकतं, पुढे झिरपतं. हे काम कोणत्याही साइटवर बहुधा बाईच करते. आता मार्च महिन्यात, मोखाड्यात, टेपावर, पाणी मारायला पाणी कुठून आणायचं? पोटठेकेदाराने दोन दिवस टँकर आणला. मग त्याने पाड्यातल्या एका पुरुषाला सांगितलं, "बायांना सांग, दोन-दोन हंडे टाकून जा, तुमचीच टाकी आहे." त्या पुरुषाने घरी सांगितलं. बाकीच्या घरी निरोप गेला नाही. तीन बायांनी डवऱ्यातलं वाटीवाटीने भरलेलं पाणी वर चढवून स्लॅबवर ओतलं. चौथ्या दिवशी त्याही थांबल्या. किती दिवस ओतायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मजुरीचा तर प्रश्नच नाही, तो 'लोकसहभाग' होता. माझं खातं!

त्या वर्षीच्या शिमग्यानंतर विहिरीत बेडूकही राहिला नाही. विहीर ठरल्यापेक्षा खोल घेतली होती. कातळ फोडला होता. पावसाळ्यात टाकी भरली, तेव्हा तिच्या पोटातून एक ओल खाली उतरली, ती अजून दिसते. कागदोपत्री योजना पूर्ण आहे. पाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकर येतो.

"आम्ही बायांना बोलावतो, त्याच येत नाहीत," हे उत्तर मला प्रत्येक कार्यालयात मिळालं आहे. ते पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते नीट तपासायला हवं. ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. २६ जानेवारीला आणि १ मेला निम्मा पाडा भट्टीवर नाहीतर बांधकामावर. शिमग्याला माणसं परततात, बोहाड्याचे दिवस असतात, पण तेव्हा ग्रामसभा नसते. पाड्यात सगळ्या बाया असतात त्या १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला. नेमकं तेव्हा सगळीकडे पाणीच पाणी. कुठली जागा वैशाखात कोरडी पडते हे त्या वेळी बोटाने दाखवता येत नाही, ते नुसतं सांगावं लागतं, आणि भर पावसात वैशाखाचं बोलणं ऐकणार कोण? आपल्याकडे नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. ती होते, पण बहुतेक ठिकाणी ग्रामसभेच्या तासभर आधी. विषय बचतगट आणि हळदीकुंकू. विहिरीची जागा हा महिलांचा विषय आहे असं विषयपत्रिका लिहिणाऱ्याला वाटत नाही.

मोखाडा आणि जव्हार दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे विकासाची योजना पंचायतीने अमलात आणण्याआधी ग्रामसभेने मंजूर करावी लागते, आणि पैसा कसा खर्च झाला याचं प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. पाड्याला स्वतःचं वेगळं गाव म्हणून मान्यता मिळवता येते, स्वतःची ग्रामसभा भरवता येते. म्हणजे कायद्याने त्या आजीचा शब्द आखणीच्या आधी विचारायचा होता आणि देयकानंतरही विचारायचा होता. तिची मोळी उतरवून तिला बसायला सांगण्याची जबाबदारी मात्र कुठल्याच नियमात कोणा एकाच्या नावाने लिहिलेली नाही.

निरोप पोचवायचाच असेल तर तो किती छान पोचतो हे बघायला फार लांब जायला नको. मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याला वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे. मुंबई महानगरपालिकेने बांधलेलं, शंभर मीटरहून उंच. त्यातून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावं अशी त्याची योजना. पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या सातही तलावांची पातळी रोजच्या रोज मोजली जाते, वर्तमानपत्रांत छापून येते. मध्य वैतरणा किती भरलं, मोडकसागर कधी वाहू लागला, हे अंधेरीतल्या माणसाला सकाळच्या चहाबरोबर कळतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यावरची विहीर कोणत्या पंधरवड्यात तळाला गेली याची नोंद कुठल्या वहीत आहे? टँकर सुरू झाल्याची तारीख सापडते. ती मागणी मंजूर झाल्याची तारीख. पाणी संपलं ते त्याच्या कितीतरी आधी. आता पिंजाळ नदीवर जव्हारकडे आणि गारगाईवर वाड्याकडे मुंबईसाठी आणखी धरणांचे प्रस्ताव आहेत. ती कधी होतील ते होतील. पण तिथल्या बायांना पहिला निरोप कोण देणार आहे, कोणत्या भाषेत, आणि रेघ खोडता येते तेव्हा की काँक्रीट पडल्यावर, हे आत्तापासून विचारायला हवं.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, ठाण्याला जावं लागत होतं, आता कार्यालय जवळ आलं. मोखाड्याहून पालघर तरीही शंभरेक किलोमीटर. पाड्यातल्या बाईला एका अर्जाची पोच आणायची तर दोन दिवसांची मजुरी बुडते. जलजीवन मिशन २०१९ मध्ये जाहीर झालं तेव्हा २०२४ पर्यंत घरोघर नळ द्यायचा होता. ती मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे. मुदतवाढ साहेबांना मिळते, ठेकेदाराला मिळते. हंड्याला मिळत नाही.

राग फक्त कार्यालयांवर काढून मला मोकळं होता येत नाही. आपल्या गटांकडेही बघू या. १९९३ नंतर बायांना पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. त्यांच्यासाठी आपण किती शिबिरं घेतली! कायदा, आरोग्य, हिंसाचार, बचतगट, नेतृत्व. सगळं हवंच होतं. पण सरपंच झालेल्या बाईच्या टेबलावर वर्षभर जे कागद येतात त्यांत बांधकामाचे किती तरी असतात. गटार, रस्ता, शाळेची खोली, विहीर, टाकी. त्या कागदांवर सही कुठे करायची हे तिला नवरा नाहीतर ठेकेदार शिकवतो. आपल्या कुठल्या शिबिरात अंदाजपत्रक वाचायला शिकवलं? नकाशा समोर ठेवून 'ही उत्तर, हा ओहळ, ही तुझी घरं' असं कोणी म्हटलं? सिमेंट-वाळू हा पुरुषांचा विषय, हे आपणही न बोलता मान्य केलं. एका कार्यकर्त्या मैत्रिणीशी मी हे बोलले तेव्हा ती म्हणाली, "आपण काय आता इंजिनियर व्हायचं का?" मला वाटतं, होऊ नये, पण पाणी किती दिवस मारायचं हे विचारण्याएवढं तरी कळावं.

आम्ही त्या पाड्यात पुढे काय केलं ते थोडक्यात सांगते. मोठं काही नाही. एक सरळ बांबू घेतला, त्यावर विळ्याने वीत-वीत अंतरावर खाचा पाडल्या. दर पुनवेला दोन बाया खाली उंबराजवळच्या डवऱ्यात आणि वरच्या विहिरीत तो बांबू उतरवतात. ओल कुठवर आली ते बघून शाळेत जाणारी एक मुलगी वहीत लिहिते. तारीख, खाच, आणि हंडा भरायला लागलेला वेळ. विहिरीचा रकाना चैत्रापासून रिकामा आहे. उंबराचा रकाना ज्येष्ठापर्यंत भरलेला. आजीचं बोलणं आता असं वहीत उतरलं आहे. समितीच्या नोंदवहीत बायांचे स्वतःचे नंबर लिहायला लावले. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या नावापुढे 'फोन नाही, घरी येऊन सांगावे' असं लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले, असं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, रकान्यात जागा आहे.

विहिरीची दुरुस्ती किंवा नवा उद्भव घ्यायचा असेल तर पाहणी एप्रिल-मेमध्ये करावी, ती पाड्यातल्या किमान पाच बायांबरोबर चालत करावी, आणि तांत्रिक मान्यतेआधी अंदाजपत्रक मराठीत पाड्यावर वाचून दाखवावं, असा अर्ज पाड्यातल्या बायांच्या सह्याअंगठ्यांनी दिला. वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. त्याच अभियंत्याने, आता त्याची बदली झाली आहे, जाण्याआधी एका रविवारी स्वतःहून येऊन उंबराची जागा पाहिली. आजी बरोबर होती. ती या वेळी काय म्हणाली ते मी मधे न पडता ऐकलं. त्याने बूट काढून डवऱ्यात पाय टाकला. वर येताना त्याला दम लागला होता आणि त्याने विचारलं, हे चढून दिवसातून किती खेपा करता? मोळीवाल्या आजीची सून म्हणाली, "तुमी मोजा की."

अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. येत्या पुनवेला आम्ही पुन्हा बांबू घेऊन खाली उतरणार आहोत. आपल्या गटांतल्या कोणाला यायचं असेल तर आदल्या दिवशी मोखाड्यात मुक्कामाला यावं. पाड्यावर पहाटे निघतात. पायात बूट असावेत, आणि पिण्याचं पाणी स्वतःचं आणावं.